खड्ड्यातला ऑर्गन

स्पेनमधल्या एका वाद्यवृंदाबद्दलचा मजकूर माझ्या टेबलावर आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि गडचिरोलीकडच्या वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तालमी सुरू झाल्या होत्या. मी नागपूरच्या एका दैनिकात रविवारची पुरवणी पाहते. तो वाद्यवृंद मुंबईत कार्यक्रम करणार होता. इंग्रजीत लांबलचक लेख आला होता आणि त्याचं मराठीत पाऊण पान करायचं होतं. नागपूरच्या वाचकाला त्यात काय रस असेल हे विचारायची पद्धत नाही. पान भरायचं असतं.

लेख चांगला होता. हा वाद्यवृंद डोंगरातल्या कोळसा खाणीच्या गावात सुरू झाला. आधी तो खाणकामगारांचा बँड होता. सणाला गावच्या चौकात वाजवायचा, खाणीत कोणी मेलं की अंत्ययात्रेपुढे वाजवायचा. पुढे त्यात व्हायोलिनवाले आले, शिकलेला संचालक आला. युद्धात सगळं मोडलं, वादक पांगले, काही परतलेच नाहीत. मग पुन्हा जमवाजमव झाली. आता प्रांताचं सरकार पगार देतं, स्वतःचं सभागृह आहे. नवा वादक निवडताना त्याला पडद्याआड बसवतात, म्हणजे निवडणाऱ्यांना फक्त वाजवणं कळावं, माणूस दिसू नये. सकाळी एकत्र सराव, दुपारी आपापला, आठवड्याअखेर कार्यक्रम. चंद्रपूरकडच्या खाणींची गावं मला माहीत आहेत, त्यामुळे अंत्ययात्रेचा तपशील मी वर घेतला.

शेवटचा परिच्छेद कानांबद्दल होता. कर्णे आणि तुताऱ्यांच्या पुढे बसणाऱ्या वादकांना वर्षानुवर्षं तो आवाज सोसावा लागतो, म्हणून त्यांच्या पाठीमागे काचेसारख्या पारदर्शक फळ्या उभ्या करतात. सगळ्यांचे कान दरवर्षी तपासतात. ज्याचं ऐकणं फार कमी झालं त्याला स्वरलिपीचे कागद सांभाळायच्या विभागात किंवा शिकवण्याच्या कामावर घेतात. शनिवारी दुपारी पानावर फर्निचरच्या दुकानाची जाहिरात आली आणि हा परिच्छेद कापावा लागला. जागा कमी पडली की मजकूर शेवटून कापतात.

माझा मोठा भाऊ वडशाच्या एका नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचा. त्याला कमी ऐकू येतं हे त्या वर्षी घरात सगळ्यांना माहीत होतं. कंपनीत फक्त तबलजीला माहीत होतं. बाहेर कळलं तर ऑर्गनवरून उठवतील, एवढं दोघांनाही कळत होतं, आणि ऑर्गनशिवाय दुसरं काही दादाने आयुष्यात केलं नव्हतं.

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतलं नाटक ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे काम थोडं सांगावं लागेल. धान कापून झालं की गावोगावची मंडळं वडशाला येतात आणि कंपन्यांच्या ऑफिसात नाटक ठरवतात. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवशी गावात पाहुणे येतात, रात्री नाटक लागतं आणि उजाडेपर्यंत चालतं. पूर्वी ते लांबायचं ते हौसेने. आता जंगलालगतच्या गावांत वाघाचंही कारण आहे. अंधारात कोणाला घरी सोडता येत नाही, म्हणून फटफटेपर्यंत नाटक ओढावं लागतं. ओढायचं ते गाण्यांनी. लोक ‘वन्स मोर’ म्हणतात, नटी पुन्हा गाते, आणि पुन्हा कुठून सुरू करायचं ते तिच्या मनावर असतं. कधी पहिल्या ओळीपासून, कधी मधूनच.

वादक खड्ड्यात बसतात. रंगमंचाच्या पुढ्यात गावकरी कमरेइतका खड्डा खणतात, त्यात तणस, म्हणजे भाताचा पेंढा टाकतात, वर बोऱ्या. पुढे जमिनीवर बसलेल्या माणसाला वादकांची डोकी आड येऊ नयेत एवढाच त्याचा हेतू. खड्ड्यातून रंगमंच दिसत नाही. नट फार पुढे आला तर त्याचे पाय दिसतात. सगळं कानावर चालतं. नटीने बोलण्यातला शेवटचा शब्द टाकला की ऑर्गनने सूर द्यायचा. तो अर्धा क्षण उशिरा आला तर ती उघडी पडते.

दादा लागला तेव्हा खड्ड्यात ऑर्गन, तबला आणि क्लॅरोनेट अशी तीन माणसं होती. क्लॅरोनेटवाला वारला, त्याच्या जागी कोणी आलं नाही. मग ऑक्टोपॅड आला. त्याच सुमारास मंडळं डीजेवाल्यांचे स्पीकरचे मोठे बॉक्स मागवायला लागली. ते ठेवायला सोयीची जागा म्हणजे खड्ड्याचा काठ. दादाच्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर एक बॉक्स, आणि हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत.

वहिनीला आधी कळलं. तिच्यासाठी कुकरच्या शिट्ट्या दादा मोजायचा, ती मागे गायीकडे असली की. एक दिवस वरण जळून कुकर काळा झाला आणि दादा त्याच खोलीत ऑर्गनची पट्टी पुसत बसला होता. पट्टी पुसण्यात लक्ष गेलं असेल असं ती पंधरवडाभर म्हणत राहिली.

मी त्याला नागपूरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. कानाची नस गेली आहे, ती परत येत नाही, मशीन लावता येईल, आवाजापासून दूर राहा. हे सगळं त्यांनी माझ्याकडे पाहून सांगितलं. बाहेर आल्यावर दादाने विचारलं, “का म्हनत होता?”

“मशीन लावा म्हणाले.”

“मंग लावू ना.”

मशीन घरात चालायचं. खड्ड्यात बॉक्स सुरू झाला की ते कानात किंचाळायचं. पहिल्याच प्रयोगात त्याने ते काढून खिशात टाकलं. आवाजापासून दूर राहण्याबद्दल मी त्याला सांगितलंच नाही. सांगून तो कुठे जाणार होता?

दोन हंगाम त्याला तबलजीच्या गुडघ्याने सांभाळलं. दोघं शेजारी बसायचे. नटीचा शब्द पडला की तबलजी गुडघा दाबायचा आणि ऑर्गन लागायचा. खड्डा असल्यामुळे कोणाला काही दिसत नव्हतं. बोटांना बाकीचं सगळं पाठ होतं. कधी सुरू करायचं आणि कधी थांबायचं एवढंच बाहेरून यायला हवं होतं. यंदा मात्र मालकाने ऑक्टोपॅडचा नवा संच आणला. त्याच्या वायरी जिथवर पोचत तिथेच त्याचा स्टँड लागणार होता, आणि ती जागा नेमकी ऑर्गन आणि तबल्याच्या मधली होती. तबलजीने दोनदा जागा बदलायला सांगून पाहिलं. कारण सांगता येईना, तेव्हा मालक म्हणाला, “तुमचं दोघाचं लगन लागलं का गा, जवळच बसाले?”

त्या आठवड्यात मी वडशाला होते. तालीम राइस मिलच्या रिकाम्या गोदामात चालायची. मिलचा कोंडा उडत येतो म्हणून शटर खाली ओढलेलं असायचं आणि एक बल्ब. जेवणाच्या सुट्टीत नटमंडळी बाहेर गेली. दादा, तबलजी आणि मी डबा उघडून बसलो. मी फोनवर त्या स्पॅनिश वाद्यवृंदाचा व्हिडिओ दाखवला. आवाज पूर्ण वाढवला होता, पण दादा आवाजासाठी पाहत नव्हता, हे लगेच लक्षात आलं.

“हा काडीवाला कोन होय?” त्याने विचारलं.

“संचालक. तो हात करतो तसं सगळे वाजवतात.”

“सगळ्याईले दिसते तो?”

मी मान हलवली.

“म्हंजे आयकाची गरजच नाई.” तो फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहत राहिला. “इथी असा एक मानूस पायजे.”

तबलजी पोळीचा तुकडा तोंडात धरूनच हसला. दादाला ओठ दिसावेत म्हणून फोनसमोर तोंड आणून मोठ्याने म्हणाला, “भाऊ, खड्ड्यात असा उभा राह्यला तं लोकं त्याले हिरोईनच्या आड आला म्हनून चपला मारतीन. काडी घेऊन पयतच जाईन वडशाले!”

दादाही हसला. मग त्याने मला विचारलं की तिथे वन्स मोर होतं का. मी म्हटलं, नाही. शेवटी टाळ्या वाजवतात, कधी कधी एखादी रचना जास्तीची वाजवतात, तीही आधी ठरलेली असते. त्याने फोन परत दिला. मग म्हणाला, “आन कान गेला तं काय करतेत?”

कापलेला परिच्छेद मी त्याला सांगितला. मोठ्याने सांगावा लागला. गोदामात आवाज घुमत होता आणि तबलजीने उठून शटरच्या फटीतून बाहेर कोणी नाही ना ते पाहिलं.

“कागद सांभाळाले देतेत,” दादा म्हणाला. “आपल्या इथी कागदच नाई ना बाई. का सांभाळाव?”

टॉर्चची कल्पना तबलजीची, पण ती त्या काडीवाल्यावरूनच निघाली. ऑर्गनच्या जागेवरून डावीकडच्या विंगेची एक फट दिसते. त्या विंगेत प्रॉम्प्टर संहिता धरून बसतो. म्हातारा माणूस, दादाच्या आधीपासून कंपनीत. त्याला विश्वासात घेतलं. त्याने छोटा टॉर्च मांडीवर ठेवायचा. लावला की ऑर्गन सुरू. लावलेला आहे तोवर वाजवत राहायचं. विझवला की थांबायचं. शेवटच्या प्रवेशात मात्र तो एकदाच, प्रवेश संपल्यावर विझवायचा, आणि तेव्हा थेट भैरवी.

चार दिवस त्यांनी तालमीत हे करून पाहिलं. मी तीन दिवस पाहिलं. एकही सूर चुकला नाही. मालक खूश होऊन म्हणाला, “भाऊ यंदा फारम मंधी आहे.” दादाला ते ऐकू गेलं नाही. तबलजीने त्याला मालकाकडे बोट दाखवून अंगठा वर केला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाकडच्या जंगलाकाठी वहिनीचं माहेर आहे. त्या गावच्या मंडईला कंपनीच्या नाटकाचा यंदाचा पहिला प्रयोग ठरला होता, म्हणून मी आणि वहिनी पाहुण्या म्हणून गेलो. माहेरची सगळी मंडळी आमच्याभोवती बसली होती. जावई खड्ड्यात आहे हे वहिनीच्या काकूने तीन ओळी मागच्या बायकांनाही वळून सांगितलं.

नाटकात मोठ्या भावाचा खून होतो. खून धाकट्या भावाने, म्हणजे विधवेच्या दिरानेच केला आहे, हे प्रेक्षकांना पहिल्या अंकातच कळतं. नाटकातल्या माणसांना कळत नाही. शेवटी विधवा गाण्यातून त्याला बोलतं करते आणि सगळ्यांसमोर उघडं पाडते. लोक थंडीत बसून राहतात ते या जागेसाठी. प्रयोग चांगला चालला होता. मी विंगेतली ती फट शोधली, पण प्रेक्षकांतून ती दिसत नाही. खड्ड्यात डोकावणंही शक्य नव्हतं. ऑर्गन जिथे यायला हवा तिथे येत होता एवढंच कळत होतं.

शेवटच्या प्रवेशाच्या आधी मंडळाचा अध्यक्ष विंगेत जाऊन आला. वाघीण पिल्लं घेऊन नहराच्या, म्हणजे कालव्याच्या बाजूला आहे, संध्याकाळी गुराख्यांना दिसली होती. धुकंही पडलं होतं. चांगलं फटफटल्याशिवाय लोकांना सोडू नका, असं त्याने मालकाला बजावलं. मालकाने नटीला खूण केली. ती मुरलेली होती. तिने गाणं धरलं, लोकांनी वन्स मोर दिला, तिने पुन्हा धरलं. पुन्हा वन्स मोर. धुक्यातून उजेड झिरपायला लागला. पुढे बसलेल्यांचे चेहरे दिसू लागले, मग मागच्यांचे, मग मांडवाच्या पलीकडे रचलेली धानाच्या पेंढ्यांची पुंजणी. दीर खुर्चीत अस्वस्थ होऊन घाम पुसत होता. नटी त्याच्याकडे वळली. तिने श्वास घेतला आणि हात उचलला.

खड्ड्यातून ऑर्गनवर भैरवी सुरू झाली.

प्रॉम्प्टरचा टॉर्च लावलेलाच होता. हे त्याने नंतर शपथेवर सांगितलं आणि त्यात खोटं असायचं कारण नाही. तालीम शटर ओढलेल्या गोदामात झाली होती. उजाडल्यावर टॉर्चचा उजेड दिसत नाही, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. दादाला विंगेत उजेड दिसेनासा झाला. वर आकाश पांढरं झालं होतं. इतक्या वर्षांत आकाश पांढरं झालं की त्याने भैरवीच वाजवली होती.

भैरवी लागली की झाडीपट्टीत नाटक संपतं. कोणी सांगावं लागत नाही. मागची माणसं उठली, चादरी झटकल्या, बोऱ्या गुंडाळल्या, झोपलेली पोरं खांद्यावर टाकली. पुढची माणसं गोंधळून रंगमंचाकडे पाहत होती, पण मागचे उठले म्हणून तीही उठली. आमच्या पुढचा एक म्हातारा कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“काऊन गा, खून्याले पकडलंच नाई?”

“पुढच्या साली पकडतीन,” त्याच्या शेजारचा म्हणाला. “आता वाघीन पकडाची आहे.”

पडदा पडला. अध्यक्ष आणि मंडळाची दोन-तीन माणसं विंगेत घुसली. मी पाठोपाठ गेले. मालक नटीला विनवत होता: पडदा उघडतो, दोन ओळी म्हणा, त्याला धरा आणि मोकळ्या व्हा. नटी पुण्याकडची. तिने कानातलं काढायला घेतलं होतं.

“भैरवी झाली, मालक. भैरवीनंतर मी गात नाही. माझ्या गुरूंनी शिकवलेलं नाही.”

“ना गाता बोलून पकडा ना त्याले!” अध्यक्ष ओरडला.

“बोलून पकडायचं असतं तर रात्रभर गायले कशाला असते?”

मालकाने तबलजीकडे पाहिलं. तबलजी खड्ड्यातून वर येऊन उभा होता. त्याने मान खाली घातली. भैरवीनंतर तबल्याला हात त्यानेही लावला नसता, हे मालकालाही माहीत होतं. तोवर अर्धा मांडव रिकामा झाला होता.

खड्ड्यात दादा ऑर्गनवर कापड टाकत होता. त्याला वरचं काही ऐकू येत नव्हतं. लोक उठले होते, पडदा पडला होता, उजाडलं होतं; त्याच्या बाजूने सगळं जिथल्या तिथे होतं. वहिनी खड्ड्याच्या काठाशी आली तेव्हा त्याने वर पाहिलं. चेहऱ्यावर तणसाची एक काडी चिकटली होती.

“मस्त झालं ना?”

वहिनीच्या मागे तिचं अख्खं माहेर उभं होतं.

“हाव,” ती म्हणाली, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “मस्त झालं.”

कंपनीच्या गाडीत त्याला कोणी काही बोललं नाही. बोलायचं तर ओरडावं लागलं असतं आणि गाडीत नटी होती, मंडळाशी भांडून दमलेला मालक होता. घरी आल्यावर तो जेवून झोपला.

दुसऱ्या दिवशी मालकाने मला ऑफिसात बोलावलं. बाहेर रस्त्यावर दुसऱ्या गावचं मंडळ नाटक ठरवायला उभं होतं. आत भिंतीभर पोस्टर. मालक वाईट माणूस नाही. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिला.

“तबलजीनं सांगलं मले सगळं,” तो म्हणाला. “मले आधी सांगाव नाही का जी?”

“आधी सांगितलं असतं तर?”

“तं तवाच काढलं असतं.” हे तो रागाने म्हणाला नाही. “मी तरी का करू बाई? ते मंडळ आता गावोगाव सांगून राह्यलं का याईच्या नाटकात खूनी सुटते. आरमोरीहून की-बोर्डवाला येऊन राह्यला, सगळं भरून आणते तो, ऑर्गन बी, क्लॅरोनेट बी. भाऊले म्हना, आराम करा.”

“तुम्ही सांगा ना.”

“मी?” त्याने हात जोडले. “त्यानंच मले सूर लावाले शिकवलं, बाई. नट म्हनून आलतो मी इथी. माह्या तोंडातून नाई निघत. अन तुमीच पाहा, त्याले सांगाचं म्हंजे असं सांगाव लागन का ऑफिसच्या बाहेरचं मंडळ बी आयकन. कसं सांगू?”

तबलजीकडे गेले. तो घरी नव्हता. निदान त्याच्या बायकोने तसं सांगितलं. आतून डग्ग्याला कणीक लावून थापल्याचा आवाज येत होता.

सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहून द्यायचा विचार केला. तोच माझा धंदा आहे. एका कागदावर चार वाक्यं, किंवा फोनवर. वहिनीने ऐकताच मान हलवली.

“कागद नोको देऊ बाई. नोटिस दिल्यावानी होते. घरच्या मानसानं घरच्या मानसाले कागद देते का?”

“मग तू सांग.”

“मी तं मस्त झालं म्हनून बसली,” ती म्हणाली.

सकाळी तो अंगणात बाजेवर बसला होता. समोर गल्लीपलीकडे मिल चालू होती. तिची धडधड त्याला पायातून कळते असं तो म्हणायचा. मी त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले, म्हणजे त्याला माझं तोंड दिसेल. बातमी सांगताना आधी मुख्य गोष्ट सांगायची, कारणं नंतर, असं आम्हाला शिकवलेलं आहे.

“दादा, यंदा कंपनीत जाऊ नकोस.”

“आँ?”

“कंपनीत जायचं नाही. दुसरा माणूस घेतला.”

त्याने कपाळाला आठ्या घालून माझ्या ओठांकडे पाहिलं. मी पुढे सरकले आणि ओरडले. मिलच्या आवाजावर चढवायला मला घसा ताणावा लागला. कंपनीने तुला काढलं, ही तीन शब्दांची गोष्ट मी गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी सांगितली. या वेळी त्याला कळली.

“काऊन?” तो म्हणाला.

“मंडईच्या नाटकात भैरवी लवकर लागली. नाटक संपलं नव्हतं.”

“संपलं नव्हतं?”

“नाही. टॉर्च चालू होता. उजाडल्यामुळे दिसला नाही.”

हे दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना पलीकडच्या अंगणातलं सुपाचं पाखडणं थांबलं. मी तिकडे पाहिलं नाही. दादाचे हात मांडीवर होते आणि त्यातली बोटं काहीच करत नव्हती. तो मनाशी तो प्रवेश लावून पाहत असावा.

“खून्याले पकडाचं राह्यलं होतं,” तो म्हणाला.

मी मान हलवली.

त्याने वहिनीकडे पाहिलं. ती दारात उभी होती, हातात राखेने माखलेलं भांडं. “अन तू मस्त झालं म्हनली.”

वहिनीने भांडं खाली ठेवलं आणि पदराला हात पुसत राहिली.

मला अजून बरंच सांगायचं होतं. मालकाला वाईट वाटलं, तबलजीचा दोष नाही, मशीन दुसरं घेऊ, डॉक्टर म्हणाले होते की आवाजापासून दूर राहा. मी तोंड उघडलं आणि पुन्हा वरच्या पट्टीत सुरुवात केली. दादाने हात वर करून मला थांबवलं. पलीकडे सूप हातात धरून उभ्या असलेल्या बाईकडे त्याने एकदा पाहिलं.

“हळू बोल, बाई,” तो म्हणाला. “लोकं आयकून राह्यले.”

हळू बोलले असते तर त्याला काहीच ऐकू गेलं नसतं. मी गप्प बसले. पलीकडच्या बाईने पुन्हा पाखडायला घेतलं.